मालकी तेलाची, उत्तरदायित्व कोणाचे?

भारत पेट्रोलियम कॉर्पोरेशनमधील सरकारचा संपूर्ण हिस्सा विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २० नोव्हेंबर २०१९ रोजी घेतला, तेव्हा सरकारपुढे अडचणींची वाण नव्हती. कामगार संघटना विरोधात होत्या, कोची येथील कारखान्यामुळे केरळ सरकार नाराज होते, आणि एवढी मोठी कंपनी विकत घेण्याची ऐपत असलेला ग्राहक मिळेल की नाही, याचीही खात्री नव्हती. कायद्याची अडचण मात्र एकही उरलेली नव्हती. सोळा वर्षांपूर्वी याच कंपनीची निर्गुंतवणूक सर्वोच्च न्यायालयाने ज्या कायद्याच्या आधारे रोखली होती, तो कायदाच अस्तित्वात राहिला नव्हता.

तो गेला कसा, हे संसदीय कामकाजाच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. बर्मा शेल (भारतातील उपक्रमांचे संपादन) अधिनियम, १९७६ रद्द करावा की नाही, यावर एकाही सभागृहात स्वतंत्र चर्चा झाली नाही. कालबाह्य कायद्यांची साफसफाई करण्याची मोहीम मोदी सरकारने २०१४ पासून हाती घेतली होती. त्या मोहिमेतील एका निरसन विधेयकाच्या परिशिष्टात, दीडशेहून अधिक अन्य अधिनियमांच्या रांगेत, हा अधिनियमही बसवण्यात आला. मे २०१६ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि काम झाले. त्या वेळी राज्यसभेत सत्ताधारी आघाडीला बहुमत नव्हते, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. विरोधकांनी मनात आणले असते तर परिशिष्टातील त्या एका ओळीवर सरकारला अडवता आले असते. परंतु परिशिष्टे वाचण्याची सवय सभागृहातून केव्हाच हद्दपार झाली आहे. या निरसनाची बातमी झाली ती तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, विक्रीची तयारी दाराशी येऊन ठेपल्यावर.

सरकारी बाजू अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. संपादनाचा कायदा हा मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात देण्यापुरता असतो. हस्तांतर पूर्ण झाले की त्याचे कार्य संपते, हा युक्तिवाद विधी खात्यात नेहमीच केला जातो आणि अनेक कायद्यांच्या बाबतीत तो रास्तही आहे. या एका कायद्याच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलट सांगून ठेवले होते.

२००३ चा धडा

वाजपेयी सरकारच्या काळात निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन्ही कंपन्यांतील सरकारी वर्चस्व सोडावयाचे होते. पेट्रोलियम मंत्री, मुंबईचे खासदार राम नाईक यांचा त्याला उघड विरोध होता आणि संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांची त्यांना साथ होती. एकाच मंत्रिमंडळातील हा वाद २००२ च्या उत्तरार्धात राजधानीतील वृत्तपत्रांना रोज खाद्य पुरवीत होता. अखेर जानेवारी २००३ मध्ये तोडगा निघाला. हिंदुस्तान पेट्रोलियमचे ३४.०१ टक्के समभाग धोरणात्मक भागीदाराला द्यावेत आणि भारत पेट्रोलियमचे समभाग खुल्या बाजारात विकावेत, असे ठरले.

हे प्रकरण न्यायालयात गेले. सरकारची भिस्त बाल्को प्रकरणावर होती. बाल्को या ॲल्युमिनियम कंपनीची विक्री हा धोरणाचा प्रश्न असून न्यायालयाने त्यात पडण्याचे कारण नाही, असा निवाडा डिसेंबर २००१ मध्ये झालेला होता. तथापि, न्या. एस. राजेंद्र बाबू आणि न्या. जी. पी. माथुर यांच्या खंडपीठाने १६ सप्टेंबर २००३ रोजी दिलेल्या निकालात एक साधा फरक दाखवून दिला. बाल्को संसदेच्या कायद्याने सरकारकडे आलेली नव्हती. या दोन तेल कंपन्या मात्र तशा आल्या होत्या. पेट्रोलियम पदार्थांच्या वितरणाची मालकी आणि नियंत्रण राज्यसंस्थेकडे यावे व ते वितरण सार्वजनिक हिताला पोषक व्हावे, असा हेतू त्या कायद्यांच्या उद्देशिकेतच नमूद होता. शिवाय संपादित उपक्रम 'सरकारी कंपनी'कडे सोपवावेत, अशी तरतूद होती. सरकारी कंपनी म्हणजे जिच्यात सरकारचा हिस्सा किमान ५१ टक्के आहे ती. तेव्हा हिस्सा त्याखाली न्यावयाचा असेल तर आधी संसदेकडे जाऊन कायदा बदलून घ्या, एवढेच न्यायालयाने सांगितले. विक्री चांगली की वाईट, यावर न्यायालयाने भाष्य केले नाही.

राज्यसभेत बहुमत नसलेल्या सरकारने ती वाट धरली नाही. पुढे २००४ ची निवडणूक आली आणि विषय मागे पडला. संसदेने दिलेली मालकी संसदेलाच विचारून सोडता येईल, हे तत्त्व मात्र प्रस्थापित झाले. २०१६ च्या परिशिष्टाने गेले ते हे तत्त्व. आणि ते संसदेने स्वतःच्याच हाताने घालवले, ही यातील खरी शोकांतिका आहे.

कोळशाच्या बाबतीतही निरसनाची हीच पद्धत दिसते. पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्या पुढाकाराने १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. त्या राष्ट्रीयीकरणाचा १९७३ चा मूळ अधिनियमही जानेवारी २०१८ मध्ये एका निरसन कायद्याच्या यादीतूनच गेला. येथे एक भेद करावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केल्यावर लिलावाची नवी व्यवस्था २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने झाली आणि त्यावर सभागृहात खडाजंगीही झाली. खासगी कंपन्यांना व्यापारी उत्खननासाठी खाणी देणारे लिलाव २०२० पासून सुरू झाले, त्यांना त्या कायद्याचा आधार होता. तेलाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

राष्ट्रीयीकरण कशासाठी होते?

आज पन्नाशीच्या आतील अधिकाऱ्यांना बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स ही नावे जुन्या जाहिरातींतूनच माहीत असतील. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी याच कंपन्यांशी करार करून भारताने तुर्भे-माहुल आणि विशाखापट्टणम येथे तेलशुद्धीकरण कारखाने उभे करून घेतले. नवस्वतंत्र देशाकडे तंत्रज्ञान नव्हते आणि परकीय चलनही नव्हते. त्यामुळे करार कंपन्यांच्या मनासारखे झाले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी त्यांनी लिहून घेतली. कच्चे तेल कोठून आणावयाचे, हेही त्याच ठरवीत.

याचा चटका १९६० मध्ये बसला. सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल, तेही रुपयांत, देऊ केले. खाण व तेल खात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते शुद्ध करून देण्यास तिन्ही कंपन्यांना सांगितले. कंपन्यांनी करारावर बोट ठेवून नकार दिला. कारखाने भारताच्या भूमीवर, ग्राहक भारतीय, आणि त्यात कोणते तेल ओतावयाचे हे ठरणार लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये! अर्थात मालवीयांच्या त्या खेळीने कंपन्यांना आपल्या आयात तेलावर काही सूट द्यावी लागली. पाठोपाठ तेलाच्या किमतींची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते के. आर. दामले हे आयसीएस अधिकारी. कंपन्या स्वतःच्या हिशेबाने किमती ठरवीत आणि सरकार मान डोलवी, ही तोवरची प्रथा दामले समितीच्या १९६१ च्या अहवालाने संपुष्टात आणली. केंद्र सरकारच्या सेवेतील एका मराठी अधिकाऱ्याचे हे काम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर चित्र पालटले. अरब देशांनी आपापल्या तेलक्षेत्रांचा ताबा घेण्यास सुरुवात केली, तसे या कंपन्यांचे स्वस्त तेलाचे बळ ओसरले आणि भारतातील धंद्यात त्यांना पूर्वीचा रस उरला नाही. एस्सो १९७४ मध्ये, बर्मा शेल जानेवारी १९७६ मध्ये आणि पाठोपाठ कॅल्टेक्स सरकारकडे आली. हे जप्तीसारखे राष्ट्रीयीकरण नव्हते. वाटाघाटी झाल्या, मोबदला दिला गेला आणि प्रत्येक वेळी कायदा संमत झाला. इंदिरा गांधींच्या राजवटीवर संसदेचा मान राखल्याचा आरोप कोणी करणार नाही, आणि बर्मा शेलचा कायदा तर आणीबाणीतला आहे. तरीही मालकी घेताना संसदेची मोहोर हवी, एवढी औपचारिकता त्या काळातही पाळली गेली.

मालक सरकार, किंमत बाजाराची

सार्वजनिक मालकीच्या समर्थकांनी पुढे जे घडले त्याकडे डोळेझाक करू नये. संसदेला उत्तर देणारी मालकी म्हणून ज्या कंपन्या घेतल्या, त्या प्रत्यक्षात कोणाला उत्तर देऊ लागल्या?

प्रशासित किमतींची व्यवस्था १ एप्रिल २००२ रोजी अधिकृतपणे संपली. दोन वर्षांत कच्चे तेल चढू लागले आणि संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने किमती पुन्हा हाती घेतल्या. आदेश न काढता. तोटा भरून देण्यासाठी तेल कंपन्यांना रोख रकमेऐवजी रोखे देण्यात आले. त्यांचा बोजा एक लाख तीस हजार कोटी रुपयांच्या वर गेला आणि तो पुढच्या सरकारांनी, म्हणजे पुढच्या करदात्यांनी फेडावयाचा होता. खासगी विक्रेत्यांना असे रोखे मिळत नव्हते. साहजिकच रिलायन्सने २००८ मध्ये आपले सुमारे चौदाशे पंप बंद केले. खासगी क्षेत्राला दार उघडून आत येणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओढण्याचाच हा प्रकार होता.

पेट्रोलची किंमत जून २०१० मध्ये आणि डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये मुक्त झाली. तेव्हापासून संसदेत इंधनदरावर प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते: किमती बाजाराशी निगडित आहेत, निर्णय तेल कंपन्या घेतात. पक्ष कोणताही असो, मंत्री कोणीही असो, मजकूर तोच. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. मग एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीपूर्वी ते जवळजवळ तीन आठवडे जागचे हलले नाहीत आणि मतदान आटोपताच चालू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तर अर्थमंत्री अरुण जेटली यांनी उत्पादन शुल्क दीड रुपयाने कमी करताना, आणखी एक रुपया तेल कंपन्या सोसतील, असे पत्रकार परिषदेतच जाहीर केले. कंपन्यांचे समभाग कोसळले. किंमत कंपन्या ठरवितात, हे लोकसभेत दिलेले उत्तर गुंतवणूकदारांनी तोवर खरे मानले होते!

नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या निवडणुका संपेपर्यंत दर पुन्हा गोठले. मार्च २०२२ च्या उत्तरार्धात ते दोन आठवडे वाढले आणि ६ एप्रिल २०२२ पासून परत थांबले. तोवर युक्रेनच्या युद्धाने जागतिक बाजार भडकला होता. सार्वजनिक कंपन्या तोट्यात विकत राहिल्या. खासगी कंपन्यांनी देशातील पंपांना पुरवठा आखडता घेतला आणि निर्यातीत लाभ पाहिला. नफ्यासाठी चालणारा उद्योग याहून वेगळे काय करणार? जून २०२२ मध्ये काही राज्यांत पंपांवर रांगा लागल्या. सरकारने परवान्यातील सार्वत्रिक सेवेचे बंधन सर्व पंपांना लागू केले आणि १ जुलैपासून निर्यातीवर जादा कर बसविला.

या दोन महिन्यांत सार्वजनिक मालकीचे मोल दिसले, हे मान्य करावयास हवे. देशातील दहापैकी नऊ पंप सरकारी कंपन्यांचे नसते, तर खरीप पेरणीच्या तोंडावर डिझेलची काय स्थिती झाली असती, याची कल्पना करणे अवघड नाही. पण त्या सेवेचे बिल कोणी दिले? एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांना मिळून २१ हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. स्वयंपाकाच्या गॅसपोटी सरकारने २२ हजार कोटींचे एकरकमी अनुदान दिले. पुढे कच्चे तेल उतरले तरी पंपावरचा दर मार्च २०२४ पर्यंत तसाच राहिला, आणि २०२३-२४ या वर्षात याच तीन कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपयांचा नफा नोंदवला. म्हणजे एका वर्षी ग्राहकाला सांभाळले आणि दुसऱ्या वर्षी त्याच्याकडूनच ते वसूल केले. किंमत स्थिर ठेवण्याचे धोरण म्हणून हे समर्थनीय ठरू शकते. त्यासाठी ते धोरण आहे, असे निदान कोठेतरी लिहिलेले असावे लागते. ते ना कायद्यात आहे, ना नियमात, ना सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या एखाद्या निवेदनात.

सार्वजनिक उपक्रमांवर लक्ष ठेवण्यासाठी संसदेची स्वतंत्र समिती १९६४ पासून आहे. महालेखापरीक्षकांचे लेखापरीक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे. ही सारी आयुधे जे कागदावर आहे त्याचा जाब विचारू शकतात. फोनवर दिलेल्या सूचनेचा नाही. पेट्रोलियम खात्याचे कार्यालय शास्त्री भवनात होते तेव्हाही हे असेच चालत आले आणि नव्या कर्तव्य भवनात गेल्याने त्यात फरक पडण्याचे कारण नाही.

खासगी मालकीचा अनुभव

मग ही सारी कटकट सोडून मालकीच खासगी करावी काय? राजधानीतील रहिवाशांना या प्रश्नाचा अनुभव घरबसल्या मिळालेला आहे. दिल्ली विद्युत मंडळ १ जुलै २००२ रोजी मोडीत निघाले आणि वितरण तीन कंपन्यांकडे गेले. ५१ टक्के खासगी, ४९ टक्के दिल्ली सरकार. त्याआधीचे दिल्लीतले उन्हाळे आठवणाऱ्या कोणीही त्या मंडळासाठी अश्रू ढाळणार नाही. गळती आणि चोरीमुळे सुमारे निम्म्या विजेचे पैसे येत नव्हते. ते प्रमाण पुढे दहा टक्क्यांच्या आत आले. हे यश निर्विवाद आहे.

हिशेबाचे काय, असे विचारले की उत्तर तितके सरळ मिळत नाही. या कंपन्यांच्या खात्यांचे महालेखापरीक्षकांकडून परीक्षण व्हावे, असा आदेश दिल्ली सरकारने जानेवारी २०१४ मध्ये काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द ठरवला. नियामक आयोग असताना ते काम त्याचे आहे, अशी कंपन्यांची बाजू होती. आणि आयोगाने काय केले? कंपन्यांचा जो खर्च मान्य केला, तो दरात न घालता 'नियामक मत्ता' या गोंडस नावाखाली पुढे ढकलला. दर वाढवण्याची राजकीय हिंमत नव्हती, हे त्याचे साधे कारण. ही थकबाकी वाढत वाढत २७ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली, आणि ती ठरावीक मुदतीत चुकती करावी, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. तेल कंपन्यांचे रोखे आणि दिल्लीची नियामक मत्ता यांत मालकीचा फरक आहे. ग्राहकाच्या आजच्या मताची किंमत उद्याच्या बिलात घालण्याची रीत एकच.

महाराष्ट्राला तर दाभोळ पुरेसे आहे. मालकी एन्रॉनची, वीज घेण्याचे बंधन राज्य वीज मंडळाचे, हमी राज्य सरकारची आणि त्यावर प्रतिहमी केंद्राची. ती प्रतिहमी मे १९९६ मध्ये मंजूर केली तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने, सत्तेच्या अखेरच्या घटका मोजत असताना. सभागृहात विश्वासदर्शक ठरावावर भाषणे होत होती, त्याच सुमारास. २००१ मध्ये मंडळाला ती वीज परवडेनाशी झाली, माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली, वर्षअखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली. आणि २००५ मध्ये तो प्रकल्प पुन्हा चालवण्यासाठी पुढे यावे लागले ते एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांनाच.

याउलट, करार नीट असेल तर खासगी कंपनीलाही हिशेब द्यावा लागतो, हे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या प्रकरणात दिसले. भूगर्भातील वायू ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि त्याच्या वापराचा निर्णय सरकारच करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये अंबानी बंधूंच्या वादात सांगितले. रिलायन्सच्या त्या तेलक्षेत्राच्या हिशेबांत महालेखापरीक्षकांनी लक्ष घातले ते उत्पादन विभागणी कराराच्या आधारे, आणि त्यांचा अहवाल २०११ मध्ये संसदेपुढे आला. कंपनीने व्याप्तीवरून कुरकुर केली, तरी कराराने दिलेली ती खिडकी बंद करता आली नाही.

वाडिनारचा इशारा

खासगीकरणाच्या चर्चेत एक गृहीतक नेहमी असते. सरकारने सोडलेली जागा उद्योजक घेतो, असे ते गृहीतक. गुजरातच्या किनाऱ्यावर वाडिनार येथे जे घडले ते या गृहीतकाला छेद देणारे आहे. तेथील वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा कारखाना एस्सार या भारतीय खासगी समूहाने उभारला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो रशियाच्या रोसनेफ्ट आणि तिच्या सहगुंतवणूकदारांकडे गेला. कंपनीचे नाव नायरा एनर्जी झाले, आणि रोसनेफ्टचा त्यातील हिस्सा ४९.१३ टक्के होता. रोसनेफ्टचे वर्चस्व रशियन सरकारकडे आहे. म्हणजे भारताने ज्या धंद्यातून सरकारने बाहेर पडावे असे ठरवले, त्यात दुसऱ्या देशाचे सरकार येऊन बसले. त्या व्यवहारासाठी संसदेकडे जाण्याची आवश्यकता नव्हती, आणि कोणी गेलेही नाही.

युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी नायरावर निर्बंध लादले. देशाच्या शुद्धीकरण क्षमतेचा सुमारे बारावा हिस्सा आणि सहा हजारांहून अधिक पंप असलेल्या या कंपनीच्या संगणकसेवा मायक्रोसॉफ्टने काही दिवस थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, असे परराष्ट्र खात्याने ठणकावून सांगितले. तेलवाहू जहाजांचे मालक, विमा कंपन्या आणि बँका मात्र ते मानतात.

जर्मनीपुढे हाच प्रश्न तीन वर्षे आधी उभा राहिला होता. पूर्व जर्मनीतील श्वेट येथील कारखान्यात रोसनेफ्टची मोठी मालकी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मन सरकारने रोसनेफ्टची जर्मनीतील कंपनी राष्ट्रीय नियामकाच्या विश्वस्त देखरेखीखाली आणली. मालकी हिरावली नाही, चालवण्याचा अधिकार घेतला. हे करता आले ते १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर केलेल्या ऊर्जा सुरक्षा कायद्यामुळे, ज्यात युद्ध सुरू होताच संसदेने दुरुस्ती करून घेतली होती. भारताकडे १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. त्याने साठा, पुरवठा आणि दर यांवर नियंत्रण आणता येते. संकटकाळात एखादा ऊर्जा उद्योग तात्पुरता चालवण्याची सुस्पष्ट, मुदतबंद आणि संसदेला जबाबदार अशी व्यवस्था त्यात नाही. दुसरीकडे, २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला पंपावरच्या पेट्रोलचा दर ठरवण्याचा अधिकार नाही. ज्या देशाने नव्वद टक्के तेलविक्री स्वतःकडे ठेवली, त्याने उरलेल्या दहा टक्क्यांसाठी समर्थ नियामक उभारला नाही, आणि स्वतःकडच्या नव्वद टक्क्यांसाठी नियमही लिहिला नाही.

भारत पेट्रोलियमची विक्री अखेर झालीच नाही. तीन प्रस्ताव आले होते. त्यांपैकी बहुतेकांनी जागतिक ऊर्जा बाजारातील परिस्थितीमुळे असमर्थता दर्शवली आणि मे २०२२ मध्ये सरकारने प्रक्रिया मागे घेतली. हिंदुस्तान पेट्रोलियममधील ५१.११ टक्के हिस्सा त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, ३६ हजार ९१५ कोटींना ओएनजीसीच्या गळ्यात घालण्यात आला होता. ओएनजीसीने त्यासाठी मोठे कर्ज काढले आणि निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट सरकारने आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे घालून गाठले. यालाही संसदेची संमती लागली नाही.

वित्तीय क्षेत्राकडे पाहिले की हा विरोधाभास अधिक ठळक होतो. स्टेट बँकेत सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली जाणार नाही, हे कायद्यात लिहिलेले आहे. राष्ट्रीयीकृत बँकांचेही तसेच. आयुर्विमा महामंडळाची भागविक्री करण्यापूर्वी २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून तेथेही ५१ टक्क्यांची कायमची मर्यादा घातली गेली. सर्वसाधारण विमा कंपन्यांवरील ही मर्यादा त्याच वर्षी उठवली गेली, पण त्यासाठी विधेयक आणावे लागले. राज्यसभेत मार्शल बोलवावे लागले, कागद भिरकावले गेले, चर्चा धड झाली नाही. तरी कोणी काय केले, हे कामकाजाच्या नोंदीत आहे. भारत पेट्रोलियममधील सरकारच्या सुमारे ५३ टक्क्यांसाठी अशी एकही ओळ आज कोणत्याही कायद्यात नाही. विक्रीचा प्रस्ताव मागे घेतला गेला, निरसित अधिनियमाची जागा घेणारा दुसरा कायदा आला नाही. उद्या कच्च्या तेलाचा बाजार शांत असताना, तूट भरून काढण्याच्या घाईत असलेल्या एखाद्या सरकारला पुन्हा ही कंपनी विकावीशी वाटली, तर मंत्रिमंडळापुढे ठेवलेली एक टिप्पणी त्याला पुरेशी आहे. सत्तेत कोणता पक्ष असेल, याने त्यात काही बदलत नाही. आणि म्हणूनच ही मर्यादा पुन्हा कायद्यात लिहून घेण्यात सत्ताधारी आणि विरोधक या दोघांनाही सारखाच रस असावयास हवा. आजवर तसा प्रस्ताव घेऊन दोघांपैकी कोणीही उभे राहिलेले नाही.